भंगारातून भरारी

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. तोफा थंडावल्या, सैनिक आपापल्या घरी परतले. परंतु युद्धासाठी बनविलेल्या असंख्य यंत्रांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न मागे उरला. कानपूरजवळ चकेरी येथील विमानतळावर अशीच कितीतरी विमाने बेवारशी उभी होती. ती 'लिबरेटर' जातीची अमेरिकन बाँबफेकी विमाने होती.

लिबरेटर हे त्या काळचे एक प्रचंड विमान. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर ११० फूट. त्याला चार एंजिने असत आणि प्रत्येक एंजिनाची शक्ती सुमारे १,२०० अश्वशक्ती एवढी असे. दूरदूरच्या लक्ष्यावर बाँब टाकणे आणि समुद्रावर टेहळणी करणे, ही त्याची मुख्य कामे. युद्धाच्या धामधुमीत अमेरिकेने अशी १८,००० हून अधिक विमाने तयार केली. एवढ्या संख्येने त्या देशाने दुसरे कोणतेही लष्करी विमान कधी बांधलेले नाही.

कानपूरची विमाने अमेरिकेने ब्रिटनला युद्धापुरती दिलेली होती. युद्ध संपताच ती परत करावीत किंवा निकामी करावीत, असे ठरलेले होते. तेव्हा ती पुन्हा कोणाच्याही उपयोगी पडू नयेत अशा रीतीने त्यांची मोडतोड करण्यात आली. काहींच्या अंगावर अवजड वाहने घालण्यात आली. एंजिनांत वाळू ओतण्यात आली. वैमानिकापुढील उपकरणे फोडून टाकण्यात आली. त्यानंतर ऊन आणि पाऊस यांनी आपले काम सुरू केले.

अशा स्थितीत १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस उगवला. भारत स्वतंत्र झाला आणि दोनच महिन्यांनी काश्मीरच्या रक्षणाचा प्रसंग आपल्यावर ओढवला. आपल्या हवाई दलापाशी मोठे बाँबफेके विमान एकही नव्हते. मालवाहू 'डाकोटा' विमानांतून बाँब टाकण्याची वेळ आपल्या वैमानिकांवर आली. नवी विमाने विकत घ्यावीत तर पैशाची चणचण. तेव्हा कानपूरच्या त्या मोडक्या विमानांकडे लक्ष गेले.

हे काम बंगलोरच्या 'हिंदुस्थान एअरक्राफ्ट' या कारखान्याकडे सोपविण्यात आले. सोलापूरच्या वालचंद हिराचंद या धाडसी उद्योगपतींनी १९४० साली हा कारखाना स्थापन केला होता. युद्धकाळात तेथे अमेरिकन विमानांची दुरुस्ती होत असे. त्यामुळे तेथील कारागिरांचा हात या विद्येत चांगला बसलेला होता. तरीदेखील बुद्धिपुरस्सर मोडलेली विमाने पुन्हा उडू शकतील, यावर फारच थोड्यांचा विश्वास होता.

१९४८ साली कारखान्याची माणसे कानपुरास पोहोचली. त्यांच्यापुढे पहिला प्रश्न होता सुट्या भागांचा. नवे भाग मागवावेत तर ते बनविणे अमेरिकेत बंद झालेले. परंतु बाजारात जे मिळत नव्हते, ते त्याच मैदानात विखुरलेले होते! एका विमानाचे शेपूट चिरडलेले, पण पंख शाबूत. दुसऱ्याचे पंख गेलेले, पण चाके धड. एकाचे न्यून दुसऱ्याने भरून काढावयाचे, असा हा मार्ग होता. शिवाय लिबरेटरचे एंजिन आणि डाकोटाचे एंजिन ही एकाच घराण्यातील. डाकोटा विमाने तर आपल्याकडे रोजच्या वापरात होती. त्यामुळे एंजिनाची नाडी आपल्या कारागिरांना नीट ठाऊक होती.

सर्व दुरुस्ती कानपूरला होणे शक्य नव्हते. म्हणून विमान बंगलोरपर्यंत जाऊ शकेल एवढे ठीक करावयाचे, आणि पुढील काम कारखान्यात पुरे करावयाचे, असे ठरले. कानपूर ते बंगलोर हे अंतर सुमारे १,५०० किलोमीटर. मोडून पुन्हा जोडलेले विमान एवढे दूर नेणार कोण? कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुंशी यांनी ही जबाबदारी पत्करली. एखादा पाइप वाटेत फुटला, एखादी कळ अडली, तर काय होईल, हे त्यांच्यासारख्या जाणत्या वैमानिकाला कळत नव्हते असे नाही. पण ज्या हातांनी खिळा न् खिळा तपासला होता, त्या हातांवर त्यांचा भरवसा होता. एकामागून एक विमाने कानपूरहून निघाली आणि बंगलोरला उतरली. या प्रयत्नातून एकंदर ४२ लिबरेटर विमाने भारतीय हवाई दलाला मिळाली.

नोव्हेंबर १९४८ मध्ये या विमानांचे पहिले पथक उभे राहिले. पुढे पुण्याच्या विमानतळावर त्यांचे दुसरे पथक आले. समुद्रावर दूरवर जाऊन टेहळणी करणे हे त्याचे काम. ज्यांना जगाने निकामी ठरविले होते, त्या विमानांनी १९६८ पर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, देशाची सेवा केली.

आता दैवाचा खेळ पाहा. दरम्यानच्या काळात इतर देशांनी आपली बहुतेक लिबरेटर विमाने वितळवून टाकली होती. हजारोंनी बनलेले हे विमान दुर्मिळ झाले. आपल्या संग्रहालयात एखादे तरी लिबरेटर असावे, असे जेव्हा इतरांना वाटू लागले, तेव्हा त्यांना भारताकडे वळावे लागले. १९६८ साली एक विमान कॅनडाला गेले, १९६९ साली एक अमेरिकेस गेले, तर १९७४ साली एक ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयात दाखल झाले. एक आपण आपल्यापाशी ठेवले. ते दिल्लीजवळ पालम येथील संग्रहालयात आहे.

आणखी एका विमानाची कथा याहून नवलाची आहे. सेवानिवृत्त झाल्यावर ते पुण्यात तसेच पडून राहिले. १९८१ साली एका इंग्लिश संग्राहकाने ते घेतले आणि त्याचे भाग सुटे करून इंग्लंडला नेले. तेथून ते अमेरिकेत गेले. कारागिरांनी काही वर्षे खपून ते दुरुस्त केले आणि १९८९ साली ते पुन्हा आकाशात उडाले.

जुने विमान दुरुस्त करणे म्हणजे केवळ रंग देणे नव्हे. विमानाच्या पत्र्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. त्यावर पांढरी भुकटी धरते आणि पत्रा आतून दुबळा होतो. म्हणून जागोजागी रिव्हेट काढून पत्रा तपासावा लागतो. डोळ्यांना न दिसणारे तडे शोधण्यासाठी भागांना रंगीत द्रव लावतात; पुसल्यावरही तो तड्यांत राहतो आणि दोष उघडा पडतो. रबरी नळ्या तर सर्वच बदलाव्या लागतात. प्रत्येक भागावर क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाच्या आधारे कारागीर जुनी गोदामे, भंगाराचे ढीग आणि इतर संग्राहकांची कपाटे धुंडाळतात. कधी हवा असलेला भाग मिळतो, पण तो गंजून गेलेला असतो. तरीही तो फेकून देत नाहीत. त्याचे माप घेऊन तस्साच नवा भाग घडवितात. मोडका तुकडाही अशा वेळी गुरू होतो.

ही विमाने संहारासाठी निर्माण झाली होती, हे खरे. ती जपावयाची ती संहाराच्या कौतुकासाठी नव्हे. त्यांच्यात बसून गेलेली आणि पुन्हा न परतलेली तरुण माणसे, त्यांना घडविणारे कामगार आणि मोडल्यावर त्यांना उभे करणारे कारागीर, या सर्वांची आठवण त्या पत्र्यांत साठलेली आहे. चकेरीच्या मैदानात आपल्या कारागिरांना संग्रहालय उभारावयाचे नव्हते. त्यांना नवजात देशाची निकड भागवावयाची होती. परंतु त्यांच्या काटकसरीमुळे आणि कसबामुळे जगाचा एक ठेवाही वाचला.

स्वाध्याय

१. कानपूर येथील विमाने का मोडून टाकण्यात आली होती?
२. सुट्या भागांची अडचण आपल्या कारागिरांनी कशी दूर केली?
३. "मोडका तुकडाही अशा वेळी गुरू होतो." या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. जमशेद मुंशी यांच्या कामातील धोका कोणता होता? तरीही त्यांनी ते काम का पत्करले असावे?
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हात बसणे, चणचण असणे, जबाबदारी पत्करणे, निकड भागविणे.
६. तुमच्या घरातील किंवा गावातील एखादी जुनी वस्तू कोणी दुरुस्त करून वापरात आणली असल्यास तिच्याविषयी दहा ओळी लिहा.