अ‍ॅरिझोनातील दोन घड्याळे

अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पट्ट्यात चालणाऱ्या प्रमाणवेळेला 'माउंटन टाइम' म्हणतात. ती जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, सात तास मागे असून माँटाना, वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको व अ‍ॅरिझोना ही राज्ये, आयडाहोचा दक्षिण भाग आणि टेक्ससमधील एल पासोचा परिसर तिच्यात मोडतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळे एक तास पुढे केली जातात व या उन्हाळी वेळेला 'डेलाइट सेव्हिंग टाइम' असे नाव आहे. 1966 च्या कायद्याने ही पद्धत देशभर एकसारखी केली, तरी एखाद्या राज्याला तिच्यापासून दूर राहण्याची मुभा ठेवली. 1967 चा एक उन्हाळा अनुभवून अ‍ॅरिझोनाने 1968 पासून ती मुभा घेतली, कारण जेथे पारा 40 अंशांच्या पुढे सहज जातो त्या फीनिक्ससारख्या शहरात संध्याकाळचे आणखी तासभर ऊन लोकांना नकोसे होते.

प्रवाशाला गोत्यात आणतो तो यापुढचा भाग. अ‍ॅरिझोनाच्या ईशान्येस असलेला नवाहो या आदिवासी राष्ट्राचा स्वशासित प्रदेश युटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरलेला असल्यामुळे, सगळीकडे एकच घड्याळ राहावे म्हणून तेथे उन्हाळी वेळ पाळली जाते. परंतु त्याच प्रदेशाने वेढलेली होपी लोकांची भूमी राज्याप्रमाणेच वर्षभर एका वेळेवर राहते, म्हणजे उन्हाळ्यात नवाहो प्रदेशातील ट्यूबा सिटीहून पूर्वेकडे निघालेली मोटार होपी गावांत शिरताना एक तास मागे आणि तेथून बाहेर पडताना पुन्हा एक तास पुढे जाते.

या व्यवस्थेत 'स्थानिक वेळ' या शब्दांना काहीही अर्थ उरत नाही, आणि नेमके तेवढेच शब्द एका सहल-आयोजकाने प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला दिलेल्या पावतीवर सकाळी 9 या आकड्यापुढे छापलेले होते. पेज या अ‍ॅरिझोनातील गावी मुक्काम करून, तेथील घड्याळाप्रमाणे नऊला वीस मिनिटे असताना हे कुटुंब नवाहो प्रदेशातील मॉन्युमेंट व्हॅलीत पोहोचले, तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात 9.40 झाले होते आणि जीप निघून गेलेली होती. खिडकीतील कारकुनाने संगणकावरून नजरही न उचलता, ही गोष्ट येथे सर्वांना ठाऊक असते, असे सांगितले. ती पावतीवर कोठे लिहिली आहे असे विचारताच त्याने पावती उलटी केली आणि बारीक अक्षरांतील 'उशिरा आल्यास पैसे परत मिळणार नाहीत' या अटीवर बोट ठेवले. परदेशातून आगाऊ पैसे घेताना ज्याला वेळ कोणत्या शहराची हे छापावेसे वाटत नाही, त्याने पैसे परत न करण्याची अट मात्र न विसरता छापावी, हा निव्वळ अन्याय होय.

म्हणून अशा ठिकाणी आरक्षण करताना 'तुमची वेळ फीनिक्सची की डेन्व्हरची' असेच विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे; कोलोरॅडोतील डेन्व्हर उन्हाळी वेळ पाळते. जागा नवाहो प्रदेशात आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, कारण पेजजवळचे अँटेलोप कॅन्यन नवाहो भूमीवर असूनही तेथील सहली फीनिक्सच्या वेळेने चालतात, तर मॉन्युमेंट व्हॅलीत उन्हाळ्यात डेन्व्हरची वेळ असते. मोबाइल जवळच्या मनोऱ्याची वेळ उचलतो आणि पेज युटाच्या सीमेला लागून असल्याने तेथे तो अचानक तासभर पुढे उडी घेऊ शकतो. त्यामुळे आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करून फीनिक्स हे शहर हाताने निवडावे. 

पुण्या-मुंबईहून या भागातील आप्तांना किंवा कार्यालयांना दूरध्वनी करणाऱ्यांनी, फीनिक्स भारताच्या वर्षभर साडेबारा तास मागे असते, डेन्व्हर मात्र उन्हाळ्यात साडेअकरा तासच मागे असते, हे ध्यानात ठेवावे; जूनमध्ये फीनिक्सला सकाळचे 8 वाजलेले असताना भारतात रात्रीचे 8.30 आणि डेन्व्हरला सकाळचे 9 झालेले असतात. 'एमएसटी' ही अक्षरे उन्हाळ्यात काटेकोरपणे फीनिक्सचीच वेळ दर्शवतात, डेन्व्हरची 'एमडीटी' असते, तरी डेन्व्हरचे लोक सवयीने बाराही महिने 'एमएसटी' लिहितात. तेव्हा अक्षरांवर भरवसा न ठेवता शहराचे नाव मागावे, आणि ते देण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याकडे आगाऊ पैसे भरू नयेत.