काळा पडदा

इ. स. १९८२ मध्ये अमेरिकेत 'कमोडोर ६४' हा घरगुती संगणक विक्रीस आला. त्याला स्वतःचा पडदा नसे. बहुधा तो घरातील दूरचित्रवाणी संचाला जोडीत. कळ दाबताच निळ्या पडद्यावर अक्षरे उमटत. अनेक हौशी लोकांनी हे यंत्र आजही जपून ठेवले आहे.

एखादे दिवशी मात्र अक्षरे उमटत नाहीत. पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसल्या, तर दोष बहुधा वाहिनीच्या निवडीत किंवा जोडतारेत असतो. पडदा काळाच राहिला, तर उतावळा मनुष्य पुन्हा पुन्हा कळ दाबतो. जाणकार तसे करीत नाही. तो वीज पुरविणारी पेटी संगणकापासून अलग करतो आणि तिच्या विजेचा दाब मापकाने मोजतो. संगणकातील चिपांना ५ व्होल्ट दाबाची वीज लागते. जुन्या पेटीतील नियंत्रक बिघडला, की हा दाब वाढतो आणि स्मृती साठविणाऱ्या चिपा निकामी होतात. मग नवी पेटी आणूनही भागत नाही.

म्हणून दोष बाहेरून आत, क्रमाक्रमाने शोधावा. पडदा काळा दिसला, तरी दोष पडद्यातच असतो असे नाही.