पौषातील वैरण



पहिले राजे या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात एक लहानसा प्रसंग आहे. त्याच अध्यायातील कर्मेल डोंगरावरील थोर घटनेच्या तेजापुढे तो आपल्या दृष्टीआड होतो. देशात घोर दुष्काळ पडला असता अहाब राजा आपला कारभारी ओबद्या याला घेऊन स्वतः गवताच्या शोधार्थ निघतो. त्याला चिंता आहे ती घोड्यांची व खेचरांची (१ राजे १८:५, ६). इ.स.पू. ८५३ मध्ये कर्कर येथील लढाईत अहाबाने दोन हजार रथ आणल्याचे अश्शूरी शिलालेखात नमूद आहे. हा आकडा फुगवलेला असला, तरी तेवढी जनावरे बाळगणाऱ्या राजाला गवताच्या काडीचे मोल काय असेल ते आपल्या ध्यानात येईल. येथील इब्री क्रियापदाचा अर्थ ‘जिवंत ठेवणे’ असा आहे. ‘चारणे’ वा ‘पोसणे’ असे भाषांतर अधिक सुबोध झाले असते; परंतु पोसण्याची वेळ तेव्हा टळून गेली होती.

हा भेद जाणून घेण्यास मराठी वाचकाला शोमरोनाला जाण्याचे कारण नाही; पानिपत पुरेसे आहे.

१७६० च्या नोव्हेंबरच्या आरंभी सदाशिवरावभाऊंची सेना पानिपत येथे खंदक खणून, तोफा मांडून राहिली. लढाई झाली ती १४ जानेवारी १७६१ रोजी. त्या दिवसाचा इतिहास आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मधल्या अडीच महिन्यांत पागेत काय चालले असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

पानिपतचा हिवाळा दख्खनच्या हिवाळ्यासारखा नव्हे. पौषात तेथे दाट धुके पडते, दोन-दोन दिवस ऊन दिसत नाही आणि रात्रीचा पारा अनेकदा पाच-सहा अंशांवर येतो. अशा थंडीत आपण प्रथम झुलीचा विचार करू. परंतु घोड्याला खरी ऊब मिळते ती वैरणीने. त्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबतो व त्या क्रियेतून उष्णता निर्माण होते. दाणा बळ देतो, पण ही सावकाश टिकणारी ऊब चाऱ्याचीच. म्हणून थंडी वाढली की जाणता माणूस चंदी वाढवण्याआधी रात्रीची वैरण वाढवतो. पाण्याचेही तसेच आहे. पाणी फार गार असले की घोडा कमी पितो, आणि कोरडा चारा खाऊन पाणी कमी पडले म्हणजे पोटशूळ उठतो. घोडा त्याने दगावूही शकतो.

आता थोडा हिशेब करू. सुमारे ३०० किलो वजनाच्या दख्खनी तट्टाला दिवसाकाठी निदान ६ किलो कोरडा चारा लागतो. हिशेबाच्या सोयीसाठी दहा हजारच घोडी धरली, तरी रोजचा चारा ६०,००० किलो होतो. बैलगाडीत ६०० किलो माल मावतो असे मानले, तर शंभर गाड्या; आणि त्या रोज! भुसा हलका असला तरी जागा फार अडवतो, म्हणजे गाड्या याहून अधिकच लागणार. रसदेचा मार्ग तुटल्यावर हे कसे साधावे? डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दुआबातून मदत येण्याची आशा मावळली. यमुनेपलीकडचा तो सुपीक प्रदेश अब्दालीच्या बाजूला मात्र मोकळा होता.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा. घोडा हेच शिलेदाराचे भांडवल. तो मेला की त्याचे घोडेस्वार म्हणून असलेले स्थान जाई, आणि दूर भीमेकाठी वा नीरेकाठी त्याच्या घरी काय पोहोचणार हाही प्रश्न उभा राही. छावणीत मूठभर हरभरे हाती आले, तर ते स्वतः खावेत की जनावरापुढे ठेवावेत? आपण त्याच्या जागी असतो तर काय केले असते, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. लढाईच्या दिवशी अनेक स्वार पायी लढले आणि उरलेली घोडी उपासाने खंगलेली होती. केवळ वैरणीअभावी पराभव झाला असे म्हणणे एकांगी ठरेल. पण ती गोष्ट तळटीपेत घालणे त्याहून चुकीचे.

(भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद २०२३-२४ मध्ये झाली. नोंद करणारी राष्ट्रीय संस्था आहे कर्नालला, पानिपतच्या शेजारी!)

आज त्याच मातीत हिवाळ्यात बरसीम हिरवागार उभा असतो. तो विसाव्या शतकाच्या आरंभी मिसर देशातून भारतात आला. भाऊंच्या घोड्यांना तो मिळणे शक्यच नव्हते. तेथील शेतकरी गव्हाच्या भुशाला ‘तूडी’ म्हणतो. शलमोनाच्या घोड्यांसाठी जवाबरोबर जे ‘तेवेन’ पोहोचवले जाई (१ राजे ४:२८), ते हेच: मळणीत चुरलेले गहू-जवाचे काड. आपल्याकडे ‘कडबा’ म्हटले की ज्वारीची ताटे डोळ्यांपुढे येतात. म्हणून माझे मत ‘भुसा’ या शब्दाला आहे.

कोंबड्यांविषयी थोडेच लिहितो. डिसेंबरात पानिपतचा दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा असतो, आणि पुरेशी अंडी देण्यास कोंबडीला सुमारे चौदा तास उजेड लागतो. तेव्हा अंडी घटली म्हणजे रोग शिरला असे समजू नये. थंडीच्या भीतीने खुराडे चोहोंकडून बंद करणे मात्र घातक. आतला दमट, उग्र वास कोंबड्यांच्या छातीत बसतो. वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधावे, वर चार बोटे फट ठेवावी, खाली भाताचे कोरडे तूस पसरावे आणि सायंकाळी मूठभर मका टाकावा. मत्तय २३:३७ मधील ग्रीक शब्द मुळात कोणत्याही पाखराला लागू पडतो. तो नव्या करारात या प्रसंगी आणि लूक १३:३४ मधील त्याच वचनातच येतो. तरीही तेथे ‘कोंबडी’च योग्य. पौषातल्या पहाटे खुराड्याचे दार उघडून, पंखांखालून डोकावणारी पिले ज्याने पाहिली आहेत, त्याला वेगळी टीप द्यावी लागत नाही.