घर लिहून देण्यापूर्वी



रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात वडीलधारी माणसे आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : "आमच्या माघारी पोरांत भांडणे नकोत. घर आताच मुलाच्या नावावर करून टाकू का?" प्रश्न मायेपोटी आलेला असतो. आमचे उत्तर मात्र एकच असते : घाई करू नका. मुलगा कितीही गुणी असला तरी घाई करू नका. असे का, ते आज समजून घेऊ.

एक उदाहरण

समजा, एका बापाने राहते घर बक्षीसपत्राने मुलाच्या नावावर केले. मुलगा चांगला, सूनही चांगली. चार वर्षांनी मुलगा अपघातात गेला. त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. आता घर कोणाचे?

आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मालमत्तेचा एकतृतीयांश हिस्सा पत्नीला आणि दोनतृतीयांश मुलांना मिळतो. मुले असतील तर आईवडिलांना काहीही मिळत नाही. म्हणजे ज्यांनी वीट वीट रचून घर बांधले, त्यांचाच त्या घरावर वारसहक्क उरत नाही. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. तरीही म्हातारपणी ती दोघे सुनेच्या आणि नातवंडांच्या मर्जीवर राहतात.

परदेशी नोकरी करून स्वतःच्या नावावर घर बांधणाऱ्या तरुणांनीही हे ध्यानात घ्यावे. त्या घरात तुमची आई राहत असेल, तर तिची सोय तुम्हालाच लिहून ठेवावी लागेल. मृत्युपत्र हे फक्त म्हाताऱ्यांचे काम नाही.

मृत्युपत्र नसेल तर

वडिलांची नऊ गुंठे जमीन आहे. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. पत्नीला तीन गुंठे आणि प्रत्येक मुलाला दोन गुंठे. मुलगी लग्न होऊन गेली तरी तिचा हिस्सा भावाइतकाच. तेव्हा बहिणीकडून "इथे सही कर" म्हणून हक्कसोडपत्र घेण्याआधी ते तिला वाचून दाखवा. आणि बहिणींनो, वाचल्याशिवाय सही करू नका. पत्नी आधी गेली, तर तिच्या मालमत्तेत पतीला हाच नियम लागू होतो.

मृत्युपत्र कसे करावे?

मृत्युपत्राचा मोठा गुण असा की, ते तुमच्या मृत्यूनंतरच लागू होते. तोवर घर तुमचे, आणि मन बदलले तर कागदही बदलता येतो.

१. स्टॅम्पपेपर लागत नाही. साधा कागद चालतो. काय, कोणाला, किती हे स्पष्ट लिहा. सातबारा, घरक्रमांक, खातेक्रमांक घाला.

२. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि त्यांच्या सह्या घ्या. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे तो, किंवा त्याची पत्नी वा पती, साक्षीदार नको. तसे झाल्यास त्याला दिलेली देणगी रद्द ठरते.

३. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेतलेली बरी. वय जास्त असेल तर मन शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवसाचा जोडा.

४. पत्नीला विसरू नका. मृत्युपत्राने मालमत्ता कोणालाही देण्याची कायद्याने मुभा आहे. म्हणून तिचा हिस्सा, निदान हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क, स्पष्ट शब्दांत लिहा.

५. मृत्युपत्र केल्यानंतर लग्न केले तर आधीचे मृत्युपत्र रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्यांनी ते नव्याने करावे.

बँकेत नॉमिनी लावला म्हणजे काम झाले, असे अनेकांना वाटते. नॉमिनी पैसे स्वीकारतो. पण मालक वारसच असतात. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले.

बक्षीसपत्र करावेच लागले तर

काही वेळा कर्जासाठी किंवा बांधकामासाठी जागा मुलाच्या नावावर करावी लागते. अशा वेळी "आम्हा दोघांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील आणि मुलगा आमचा सांभाळ करील" अशी अट त्या कागदातच घाला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास, परत मिळू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी अट असणे आवश्यक मानले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा तिला परत दिला. तिथे मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिलेले होते. तोंडी शब्दाला ते बळ येत नाही.

ज्यांचा सांभाळ होत नाही, अशा आईवडिलांना प्रांत कार्यालयातील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलगा आणि मुलगी दोघांवरही ही जबाबदारी आहे. निर्वाहभत्त्याची मर्यादा कायद्यात महिना दहा हजार रुपये आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईनही आहे. लाज वाटून गप्प बसू नका.

बेन सिराची शिकवण

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बेन सिराने हाच सल्ला दिला होता. त्याच्या ग्रंथाचा ३३ वा अध्याय घरी वाचा. जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्यापुढे हात पसरू नका, वाटप शेवटच्या दिवसांत करा, असे तो सांगतो. चौथी आज्ञा मुलांना आईवडिलांचा मान राखायला सांगते. आईवडिलांनीही मुलांना भांडणाचे कारण मागे ठेवू नये.

या आठवड्यात रात्रीच्या रोझरीनंतर घरात तीन प्रश्नांवर बोला :

१. आपले घर आणि जमीन कागदावर आज कोणाच्या नावावर आहे?

२. आपल्यापैकी कोणी अचानक गेले, तर आई कुठे राहील?

३. मृत्युपत्र आहे का, आणि ते कुठे ठेवले आहे हे कोणाला ठाऊक आहे?

उत्तरे मिळाली की ती घेऊन जाणकार वकिलाकडे जा. सही मात्र त्यानंतरच करा.