पर्यावरण अहवाल : पाठविला म्हणजे दाखल झाला का?

रायपूरजवळील उरला व सिलतरा या औद्योगिक क्षेत्रांत स्पंज आयर्न आणि पोलादाचे अनेक कारखाने आहेत. भट्ट्यांच्या धुराचा व धुळीचा उपद्रव परिसरातील वस्तीला होतो. त्यामुळे उद्योजकाने पर्यावरणविषयक अहवाल वेळेवर सादर करणे ही केवळ कागदी औपचारिकता नव्हे.

ध्यानात ठेवावयाच्या मुदती

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील नियम १४ प्रमाणे ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे विवरणपत्र नमुना ५ मध्ये ३० सप्टेंबरपर्यंत राज्य मंडळाकडे द्यावे लागते; येथे ते छत्तीसगढ पर्यावरण संरक्षण मंडळ होय. घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण २०१६ च्या नियमांनुसार नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत देय असते. ज्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरणीय मंजुरी मिळाली आहे, त्यांना १ जून व १ डिसेंबर रोजी सहामाही अनुपालन अहवाल द्यावा लागतो.

कायदा काय सांगतो?

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास लेखी दस्तऐवजाचा दर्जा दिला. कलम ६ नुसार शासकीय कार्यालयात अर्ज वा विवरणपत्र याच स्वरूपात दाखल करता येते. परंतु शासनाने विहित केलेल्या पद्धतीनेच. कलम ९ त्याहून स्पष्ट आहे : शासनाने इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज स्वीकारलाच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा हक्क नागरिकास नाही.

कलम १३ विशेष महत्त्वाचे आहे. समजा, कार्यालयाने अहवालासाठी संकेतस्थळ निश्चित केले आहे. उद्योजकाने मात्र ३० सप्टेंबरला तो अधिकाऱ्याच्या अन्य ई-मेल पत्त्यावर धाडला आणि अधिकाऱ्याने ४ ऑक्टोबरला उघडला. कायद्याच्या दृष्टीने तो ४ ऑक्टोबरला मिळाला. निश्चित ठिकाणी पाठविला असता, तर तेथे पोहोचताच तो मिळाला असे मानले गेले असते.

ग्राहक व कर्मचारी यांनी काय करावे?

अहवाल विहित संकेतस्थळावर, मुदतीच्या काही दिवस आधी भरावा. पोचपावती तारीख-वेळेसह जतन करावी. मूळ फाइलही ठेवावी. कलम ७ नुसार जतन केलेला अभिलेख पुढे वाचता यावा आणि त्याचा उगम, गंतव्य व वेळ कळावी, अशी अपेक्षा आहे.

कर्जाचे नूतनीकरण करताना आपल्या अधिकाऱ्यांनी मंडळाच्या संमतिपत्राबरोबर या पोचपावत्याही पाहाव्यात. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ खाली १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम ५ खाली तर कारखाना बंद करण्याचा किंवा त्याची वीज तोडण्याचा आदेशही निघू शकतो. भट्टी थंडावली की मजुरांची रोजी बुडते आणि कर्जाचा हप्ताही थकतो. एक पोचपावती जपून ठेवण्याचे मोल एवढे मोठे आहे.