संगणक जुळवून घेताना : सल्ला कसा मागावा?

'लाखभरात चांगला संगणक कोणता बसेल?' हा प्रश्न मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये, बंगळूरच्या एस. पी. रोडवर आणि चेन्नईच्या रिची स्ट्रीटवर दिवसभर विचारला जातो आणि त्याचे उत्तरही तत्परतेने मिळते. वस्तुतः या प्रश्नात रक्कम आहे, काम नाही. कर्जासाठी आलेला ग्राहक 'किती मिळेल?' एवढेच विचारून थांबला, तर बँक अधिकारी आधी त्याचा व्यवसाय, उलाढाल आणि रकमेचा विनियोग विचारतो. संगणकाच्या दुकानात असे प्रतिप्रश्न होतीलच याची खात्री नसते. ते ग्राहकाने घरीच स्वतःला विचारून निघावे.

सुटे भाग निवडून संगणक जुळवता येतो, यामागे थोडा इतिहास आहे. आय.बी.एम.ने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यात बाहेरच्या उत्पादकांचे भाग वापरले होते आणि रचनेचा तपशीलही प्रसिद्ध केला होता. त्यामुळे इतरांना त्याला जुळणारे भाग बनवता आले. पुढे १९९५ साली इंटेलने मदरबोर्ड, कॅबिनेट व एसएमपीएस यांच्या मापांसाठी 'एटीएक्स' हे प्रमाण आणले आणि एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बिनदिक्कत बसू लागला. या मोकळीकीची दुसरी बाजूही आहे. तयार संगणक बिघडला तर एकच कंपनी उत्तरदायी असते. जुळवलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी निराळी आणि निवड चुकली तर ती निवडणाऱ्याच्या माथी.

एक उदाहरण घेऊ. इंदूरमध्ये विवाहसमारंभांचे चित्रीकरण करणारे एक गृहस्थ आहेत असे समजावे. त्यांचा २०१६ सालचा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा संगणक विंडोज ११ च्या अधिकृत अटींत बसत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लग्नसराई तोंडावर आहे. नवा कॅमेरा घेतल्यापासून संकलन करताना चित्र अडखळते. चार कुटुंबांना दिलेली तारीख उलटून गेली आहे. त्यांनी केवळ रक्कम सांगितली, तर खेळांसाठी उत्तम ठरणारा, काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे लुकलुकणारा संगणक त्यांना सुचवला जाण्याचा संभव मोठा. तो वाईट नव्हे. पण त्यांची अडचण निराळी आहे.

त्यांचा कॅमेरा एच.२६५ या पद्धतीत, ४:२:२, १०-बिट स्वरूपात चित्रण साठवतो. या स्वरूपात रंगांची माहिती अधिक राहते, म्हणून रंगदुरुस्ती चांगली होते. परंतु ते उलगडताना प्रोसेसरवर मोठा भार पडतो. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंतर्भूत ग्राफिक्समध्ये २०२१ सालच्या अकराव्या पिढीपासून हे काम स्वतंत्रपणे करणारी सोय आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांत ती २०२५ साली आलेल्या '५०' मालिकेपासून आली; त्याआधीच्या महागड्या कार्डांतही नव्हती. आता गंमत अशी, की इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या क्रमांकाअखेर 'एफ' हे अक्षर असते, ते थोडे स्वस्त मिळतात. कारण त्यांत अंतर्भूत ग्राफिक्सच चालू नसते. म्हणजे 'एफ'चा प्रोसेसर आणि मागच्या मालिकेचे कार्ड ही कागदावर किफायतशीर दिसणारी जोडी या गृहस्थांचे अडखळणे तसेच ठेवील. एका अक्षरावर हंगाम अवलंबून! आणि कॅमेऱ्यातील चित्रणाचे स्वरूप प्रश्नात नमूद नसेल, तर उत्तम जाणकारालाही हे सुचायचे नाही.

प्रश्नाचा दुसरा आवश्यक भाग म्हणजे जवळ काय आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे स्मृतिचिपांचा ओघ वळला, हे त्याचे प्रमुख कारण. अशा वेळी जुन्या संगणकातील १६ जीबी डीडीआर४ रॅम भंगारात देणे परवडणारे नाही. एएमडीच्या २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५ चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीसाठी मात्र डीडीआर४ घेणारे मदरबोर्डही निघाले. जुनी रॅम संथ असली तरी हंगाम निभावून नेईल आणि भाव उतरल्यावर भर घालता येईल. तेराव्या व चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष आढळला होता. इंटेलने २०२४ साली त्यावर सुधारणा दिली आणि त्यांची हमी दोन वर्षांनी वाढवली. तेव्हा बोर्डाचे बायोस अद्ययावत करून मागावे.

वीज हा आपल्याकडे हमखास विसरला जाणारा विषय. पैसे कमी पडू लागले की दुकानात पहिली काटछाट एसएमपीएसवर होते. तो कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला असतो. वास्तविक प्रत्येक भागाला मिळणारी वीज त्याच्यातूनच जाते. येथे पैसे वाचवू नयेत, हे मत ठामपणे मांडावेसे वाटते. यूपीएसचेही तसेच. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा अनेक यूपीएसची क्षमता ३६० वॅटच असते. शिवाय काही एसएमपीएस स्वस्त यूपीएसच्या ओबडधोबड विद्युतलहरीवर बंद पडतात. वीज किती वेळा जाते, अर्थिंग आहे का, खोलीत धूळ व उष्णता किती, हे सल्ला मागताना सांगितलेच पाहिजे.

हा सर्व तपशील एका कागदावर लिहून तोच तीन ठिकाणी दाखवावा. त्यांपैकी एक व्यक्ती विक्रेता नसून त्याच व्यवसायातील असावी; छायाचित्रकाराला दुसऱ्या छायाचित्रकाराचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. मग प्रत्येक भागाबद्दल एकच विचारावे : 'याऐवजी एक पायरी खालचा घेतला, तर माझ्या कामात नेमके काय अडेल?' ज्याला उत्तर देता येते त्याने विचार केलेला असतो. 'हाच चालतो, सगळे हाच नेतात' असे म्हणणाऱ्याचे दरपत्रक बाजूला ठेवावे.

दरपत्रक भागनिहाय व करासहित घ्यावे. संगणकाच्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे एक लाखाच्या बिलात मूळ किंमत ८४,७४६ रुपये आणि कर १५,२५४ रुपये. बिलाविना काही हजार कमी करण्याचा प्रस्ताव येतो, तेव्हा हा आकडा आठवावा. नोंदणीकृत व्यावसायिकाला नियमांनुसार या कराची वजावट मिळू शकते. नियमित हिशेब ठेवणाऱ्याला संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो, वर्षात १८० दिवसांहून कमी वापर असल्यास त्याच्या निम्मा. बिल नसेल तर दोन्ही गेले आणि भागांची हमीही अडचणीत येते.

खरेदीसाठी कर्ज घ्यायचे असेल, तर पन्नास हजारांवरील व पाच लाखांपर्यंतची रक्कम मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात मोडते. त्यासाठी दरपत्रक लागते आणि घेतलेली यंत्रसामग्री बँकेकडे नजरगहाण राहते. म्हणून बिलावर 'एक संगणक संच' असे मोघम न लिहिता प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी व एसएमपीएस यांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. ताबा घेताना आपल्याच कॅमेऱ्यातील एक चित्रफीत दुकानात नेऊन त्या संगणकावर चालवून पाहावी आणि उरलेली रक्कम त्यानंतर द्यावी.