जुना छोटा ट्रॅक्टर घेताना: विसार देण्याआधी एवढं बघा

तायांनो, बांधावर माती टाकायला, घराचा पाया भरायला, शेणखत वाहायला गटातून जुना ट्रॅक्टर घ्यावा असं बऱ्याच जणींना वाटतं. आधी हिशोब करा. छोटा ट्रॅक्टर माती ओढतो, सारतो. कडक मुरूम खोदणं त्याचं काम नाही. शेततळं एकदाच खोदायचं असेल तर तासावर जेसीबी लावलेला बरा. वर्षभर काम असेल तरच ट्रॅक्टर घ्या.

बघायला सकाळी जा. आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर इंजिन अगोदरच चालवून ठेवलंय. गार इंजिन कसं सुरू होतं, तेच बघायचं असतं.

१. धूर : निळा धूर येतच राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय.
२. ऑइल : पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.
३. लिफ्ट : औजार उचलून इंजिन बंद करा, लांब उभ्या राहा. झपकन खाली आलं तर हायड्रॉलिकचं काम निघालंच समजा.
४. कागद : आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर ट्रॅक्टरवर जुळवा. बँकेचा बोजा असेल तर ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय विसार देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

शेवटचं, पण महत्त्वाचं. ट्रॅक्टर कोणाच्या नावावर होणार, ते बैठकीत ठरवून ठरावात लिहा. बचत आपली, हप्ता आपला आणि आरसीवर नाव भलत्याचंच, असं व्हायला नको.